रात्रीची डाक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. वेदमूर्ती बोलले, प्राध्यापक बोलले, संगीतातली जाणकार मंडळी बोलली. मी पडलो डिप्लोमावाला. वीस-पंचवीस वर्षं रेल्वेच्या इंजिनांखाली वाकून काम करणारा माणूस. कार्यवाहांनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की मला नटबोल्टाशिवाय काही कळत नाही. ते म्हणाले, "मग तुमच्या पुतण्याबद्दल बोला. सगळ्या गल्लीला उत्सुकता आहे." आता ही उत्सुकता कसली, ते मला चांगलं ठाऊक आहे. गेल्या वर्षी याच मांडवात आरतीनंतर एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं होतं, "काय रे, तुझा पुतण्या विमानातून बोचकी वाहतो म्हणे? माणसं बसवत नाहीत का त्याच्या विमानात?"

त्यांनी थट्टेत विचारलं, मी थट्टेत उडवून लावलं. पण खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तीन वर्षांपूर्वी हेच शब्द मी स्वतः माझ्या पुतण्याला बोललो होतो. म्हणून आजचं भाषण म्हणजे माहिती थोडी आणि कबुली थोडी, असं समजा.

आधी माहिती सांगतो.

पत्र विमानातून नेण्याची गोष्ट आपल्या शेजारीच सुरू झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८ फेब्रुवारी १९११ रोजी प्रयागला, तेव्हाच्या अलाहाबादला, मोठं प्रदर्शन भरलं होतं. आंरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण एका लहानशा विमानात साधारण साडेसहा हजार पत्रं घेऊन उडाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. पुरते दहा किलोमीटरही अंतर नव्हतं. पण सरकारी टपाल विमानातून गेल्याची जगातली ती पहिली वेळ मानतात. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले आणि आपल्याकडची नियमित विमानसेवा सुरू झाली. म्हणजे बघा, आपल्या देशातल्या विमानसेवेचा पाया प्रवाशांनी नाही घातला, पत्रांच्या थैल्यांनी घातला. ज्यांना आपण आज बोचकी म्हणतो, त्यांनीच.

पण ही सगळी दिवसाची उड्डाणं. रात्रीची खरी गोष्ट घडली ती आपल्या नागपूरला. आपल्या घाटांवर भोसले घाट आहे, तो नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला. तेव्हा नागपूर काशीला काही परकं नाही.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण खात्याचे पहिले मंत्री होते रफी अहमद किडवई, आपल्या बाराबंकीचे. त्यांच्या काळात, ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान टपाल घेऊन निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात, अशी सगळी वाटणी झाली की विमानं पुन्हा उडायची आणि सकाळी आपापल्या शहरी टपाल हजर. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधं पत्रसुद्धा, जिथे विमानाने लवकर पोचेल तिथे, जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागलं. गरिबाच्या पत्रालाही पंख फुटले, असं म्हणायला हरकत नाही.

आता यात हिशोब काय आहे, तो माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला फार आवडतो. चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची म्हटली तर सहा जोड्या होतात, म्हणजे जाऊन-येऊन बारा उड्डाणं. नागपूरला मध्ये धरलं की फक्त चार विमानं आणि आठ उड्डाणं. शहरं दहा झाली तर थेट जोड्या होतात पंचेचाळीस, आणि मध्ये एक ठिकाण धरलं तर दहाच विमानं पुरतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जे काम रेल्वेत मुगलसराय करायचं, ज्याचं नाव २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं, तेच काम रात्री दोन वाजता सोनेगाव करत होतं. गाड्या यायच्या, माल बदलायचा, गाड्या जायच्या.

अमेरिकेत फेडेक्स कंपनीने १७ एप्रिल १९७३ रोजी मेम्फिस गावाला मध्ये ठेवून हीच पद्धत सुरू केली. पहिल्या रात्री चौदा विमानं, पंचवीस शहरं आणि एकशे शहाऐंशी पाकिटं. आज जगभर व्यवस्थापनाच्या वर्गांत मेम्फिसचा दाखला देतात. आमच्या नागपूरने ते चोवीस वर्षं आधी करून दाखवलं होतं, हे मात्र कोणी शिकवत नाही.

नागपूरची ती रात्रीची डाक सत्तरच्या दशकात बंद झाली. पुढे १९९६ साली ब्लू डार्ट कंपनीच्या विमान शाखेने बोइंग ७३७ जातीची मालवाहू विमानं घेऊन रात्रीची सेवा सुरू केली, तिचं मुख्य ठाणं चेन्नईला. २००९ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी पुन्हा नागपूरलाच मध्य धरून 'डेक्कन ३६०' काढली. कल्पना चांगली होती, पण २०११ साली ती बंद पडली. म्हणजे हा धंदा सोपा नाही.

या धंद्याची किंमतही सांगितली पाहिजे. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेलं रात्रीच्या डाकेचं डाकोटा उड्डाणानंतर लगेचच कोसळलं. त्या काळी या विमानांत थोडे प्रवासीही घेत. तेरा माणसं गेली, वाचला तो एकटा वैमानिक. दुसऱ्या दिवशी ज्यांना पत्रं मिळाली नाहीत, त्यांतल्या कितीजणांना कळलं असेल की आपलं पत्र कोणाबरोबर जळालं?

आता घरची गोष्ट.

माझे थोरले बंधू २०१३ साली गेले. पुतण्या तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पंचगंगेच्या घाटावर पतंग उडवणारं पोर. बाबतपूरला उतरणारं विमान दिसलं की पतंगाची दोरी सोडून वर बघत बसायचं. बारावी झाल्यावर त्याने सांगितलं, "काका, मला पायलट व्हायचंय." मी म्हटलं, रेल्वेतही पायलट असतो, लोको पायलट, तो हो. तो हसला आणि गप्प बसला. बोलल्या त्या वहिनी. आमच्या वहिनी कधी आवाज चढवत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, यांचा फंड आहे, माझे दागिने आहेत. कमी पडेल तेवढं तुम्ही बघाल का?"

मी पाहिलं. बँकेचं कर्ज झालं, माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली. हा खर्च केवढा असतो याची आपल्यातल्या पुष्कळांना कल्पना नसते. दक्षिण काशीत लहानसं घर येईल एवढा पैसा एका मुलाच्या डोक्यावरून वारा वाहावा तसा जातो. दोनशे तासांचं उड्डाण करावं लागतं. त्यांतले शंभर तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेऊन. काही तास नुसत्या यंत्रांकडे बघून, बाहेर न बघता. पाच तास रात्रीचे, त्यात एकट्याच्या जबाबदारीवर दहा वेळा उडणं आणि उतरणं. शिवाय दिशाशास्त्र, हवामान, नियम, विमानाची यंत्ररचना यांच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी आणि डॉक्टरी तपासणी वेगळी. त्याच्या फ्लाइंग क्लबात कधी विमान नादुरुस्त, कधी शिक्षक नाही, कधी पाऊस. दीड वर्षाचं काम अडीच वर्षांवर गेलं. २०१९ च्या अखेरीस परवाना हातात आला, आम्ही इथे विनायकाला पेढे ठेवले, आणि मार्च २०२० मध्ये देशातली प्रवासी विमानं जागच्या जागी उभी राहिली.

पुढची दोन वर्षं कशी गेली, ते सांगत नाही. बँकेचे हप्ते थांबत नाहीत. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, खिशात विमानाचा परवाना, आणि सकाळी चौखंब्यातून दूध आणायला जातो. गल्लीत विचारणारे असतातच. तो मग मागच्या गल्लीने जाऊ लागला.

२०२२ साली एका मालवाहू कंपनीतून त्याला बोलावणं आलं. रात्रीची उड्डाणं, माल वाहायचा. तो आनंदाने सांगायला आला आणि मी म्हणालो, होय, मीच म्हणालो, "एवढा पैसा ओतला तो बोचकी वाहायला? थोडं थांब, प्रवासी कंपनी घेईल."

तो काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने मला एकच प्रश्न विचारला. "काका, तुमच्या रेल्वेत नवीन लोको पायलटला पहिल्या दिवशी राजधानी देतात का?"

मी घास हातात धरून बसलो. कारण उत्तर मला ठाऊक होतं. रेल्वेत आधी सहायक, मग मालगाडी, मग प्रवासी गाडी आणि मग मेल-एक्सप्रेस. मालगाडी ही आमची शाळा आहे. लांब चढ, भरलेल्या वाघिणी, रात्रीचं काम, लूप लाइनीत तासन् तास उभं राहणं, आणि एवढं करून कोणी हार घालायला येत नाही. ज्याने मालगाडी नीट चालवली नाही, त्याच्या हातात आम्ही माणसं देत नाही. पंचवीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं ती गोष्ट मला घरच्या पोराने आठवण करून द्यावी, याची मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्याला मैदागिनपर्यंत स्कूटरवर सोडायला गेलो.

आता या कामात असतं काय, ते त्याच्याकडून जसं कळलं तसं सांगतो.

आपण इथे शेजारती करून झोपतो तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो. विमानतळावर आधी हवामानाचे कागद, वाटेतले ढग, उतरायच्या ठिकाणची दृश्यता, आणि तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे जायचं याचा विचार. मग मालाचा कागद. विमानात किती वजन आहे त्याहीपेक्षा ते कुठे ठेवलं आहे याला महत्त्व. ७३७-८०० जातीच्या मालवाहू विमानात वीस-बावीस टन माल जातो. आमच्या एका बॉक्सएन वाघिणीत साठ टनांच्या आसपास माल मावतो, म्हणजे अख्खं विमान मिळून अर्धी वाघीणसुद्धा नाही. पण वाघिणीत कोळसा थोडा मागे सरकला तर गाडी मागे झुकत नाही, विमान झुकतं. म्हणून प्रत्येक फळी जमिनीच्या खाचेत अडकवायची, वर जाळी ओढायची, कुलपं तपासायची. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराम इथे लष्करी गाड्या भरलेलं बोइंग ७४७ उडताक्षणी कोसळलं आणि सातही कर्मचारी गेले. आतली गाडी सुटून मागे गेली होती. प्रवासी आपला पट्टा आपण बांधतो. बोचक्याचा पट्टा दुसऱ्याला बांधावा लागतो.

दुसरी भीती आगीची. आपल्या मोबाइलमध्ये असते तशी लिथियमची बॅटरी हजारोंनी एकत्र जाते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईला अशाच मालाने पेट घेतला आणि एका मालवाहू ७४७ चे दोन्ही वैमानिक गेले. म्हणून पार्सल देताना तो मुलगा 'आत काय आहे' म्हणून विचारतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका. 'कपडे आहेत' असं सांगून आत बॅटरी घालू नका. वर कोणाचं तरी पोर बसलेलं असतं.

तिसरी गोष्ट धुक्याची. डिसेंबर-जानेवारीतलं आपलं धुकं मी नव्याने काय सांगणार? इंजिनात बसलं तर पुढचा सिग्नल दिसत नाही, म्हणून पूर्वी रुळावर फटाके लावत आणि आता जीपीएसचं यंत्र देतात. विमानाला उतरायला रेडिओच्या किरणांचा मार्ग असतो. साध्या दर्जाच्या व्यवस्थेत दोनशे फुटांपर्यंत खाली यायचं, आणि तोपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तर पुन्हा वर जायचं. त्यात आणखी थोडं खाली जाऊन बघू असं चालत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, या कामात सगळ्यात अवघड म्हणजे 'नाही' म्हणणं."

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभा राहिलो, ती झोपेची.

पहाटे दोन ते सहा हा माणसाच्या शरीराचा सर्वांत सुस्त काळ असतो. अंगाचं तापमान उतरतं, डोळे उघडे असले तरी डोकं अर्धं निजलेलं असतं. आपल्या वाडवडिलांनी ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितलं आहे, पण ते रात्रभर झोपून, रात्रभर जागून नव्हे. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अमेरिकेत बर्मिंगहॅम गावी एक मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकडीवर आदळलं. दोघे वैमानिक गेले. चौकशीत चुका निघाल्या, आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या कारणांत थकव्याचाही उल्लेख आला. त्या देशाने वैमानिकांच्या विश्रांतीचे जे नवे कडक नियम २०१४ पासून लागू केले, त्यांत प्रवासी विमानं घेतली आणि मालवाहू वगळली. शरीर मात्र दोघांचं सारखंच. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तास केली. ते नियम लागू करताना बरीच ओढाताण झाली, ती आपण वर्तमानपत्रांत वाचलीच.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. आवाज पडलेला. लागोपाठ तीन रात्री त्याने काम केलं होतं. दिवसा जिथे उतरला होता तिथे शेजारी बांधकाम चालू, त्यामुळे झोप नाही. चौथ्या रात्री पुन्हा उड्डाण. तो म्हणाला, "काका, मी थकलोय असं कळवलं तर नियमाने मला घरी पाठवतील. पण लोक म्हणतील, हा नवा पोरगा कच्चा आहे. एक रात्र काढू का कशीतरी?"

वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्याकडे बघत होत्या. हप्ते अजून बाकी आहेत, नोकरी कशीबशी मिळाली आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडावर आलंच होतं, "काढ बाबा एक रात्र." तेवढ्यात मला माझीच एक रात्र आठवली.

ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही. आज सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका दूरच्या शेडमध्ये होतो. माणसं कमी होती, म्हणून मी लागोपाठ दोन रात्री काम केलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच म्हणालो होतो, मी जवान आहे, मला काय होतंय. दुसऱ्या पहाटे एका इंजिनाचं ब्रेकचं काम संपवून मी कागदावर सही केली. इंजिन बाहेर निघायच्या आधी एका म्हाताऱ्या खलाशाने खाली वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. ब्रेकच्या दांड्याच्या एका पिनेला स्प्लिट पिन घालायचीच राहिली होती. एवढीशी तार. ती नसली की पिन हळूहळू सरकते, दांडा खाली लोंबतो, आणि मग काय होईल ते सांगवत नाही. त्या खलाशाने स्वतः पिन घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "साहब, घर जाके सो जाइए." त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. मीही नाही. ती सही मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ही सगळी हकीकत मी त्या संध्याकाळी फोनवर पुतण्याला सांगितली. वहिनी ऐकत होत्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "काका, मी कळवतो." त्याने कळवलं. दुसरा वैमानिक गेला. त्याला चार प्रश्न विचारले गेले, एक-दोघांनी टोमणाही मारला असेल. नोकरी आहे अजून. फोन ठेवल्यावर वहिनी उठून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, बरं केलंत."

मित्रहो, आपल्या समाजात मुलाला कष्ट कर म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. थकला असशील तर थकलो म्हण, हे सांगणारं माणूस घरात असावं लागतं. रात्रीचं काम करणारा वैमानिक असो, लोको पायलट असो, इस्पितळातली परिचारिका असो की आपल्या घाटाखालून मध्यरात्री नाव नेणारा मल्लाह असो, त्याच्या घरच्यांनी दिवसा दार लावून, आवाज न करता त्याला झोपू देणं, हीसुद्धा त्या कामातली भागीदारी आहे. आमच्या घरी तो सुट्टीवर आला की वहिनी कुकरची शिट्टी काढून ठेवतात.

आता या मांडवातल्या तरुण मुला-मुलींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, पैसे भरण्याआधी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांत, कानांत, हृदयात काही निघालं तर ते आधी कळलेलं बरं. दुसरी, आपलं शिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात बसतं का, ते त्यांच्याच कागदावरून पाहा, दलालाच्या तोंडून ऐकू नका. डिप्लोमावाल्या मुलांनी तर आवर्जून पाहा. तिसरी, शाळा निवडताना चकचकीत पत्रिका बघू नका. तिथे विमानं किती आहेत, त्यांतली उडतात किती आणि शिक्षक किती, ते जाऊन बघा. आपल्या रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, महाराष्ट्रात गोंदियाला बिरसी इथे संस्था आहे. स्वतः जाऊन तिथल्या मुलांशी बोला. चौथी, परवाना म्हणजे नोकरी नव्हे. त्यानंतर विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण असतं, त्याचा खर्च वेगळा, आणि वाट बघण्याची दोन वर्षं हिशोबात धरा. कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना पंधराशे तासांनंतर मिळतो. माल वाहताना हे तास प्रवासी कंपनीतल्यापेक्षा सावकाश जमतात. आमच्या पोराचे पहिल्या वर्षी चारशेसुद्धा भरले नाहीत.

आणि कामही बदलत असतं. अमेरिकेत कित्येक वैमानिकांनी लहान विमानांतून रात्री बँकांचे चेक एका गावाहून दुसऱ्या गावी नेत आपले तास भरले. २००३ साली तिथे कायदा झाला, चेकऐवजी त्याचं चित्र चालू लागलं, आणि ते काम काही वर्षांत संपलं. आपल्याकडेही २००८ पासून दिल्लीत तीच पद्धत सुरू झाली. नागपूरच्या थैल्या गेल्या, तसे चेक गेले. उद्या आणखी काही जाईल. म्हणून हातातलं कसब असं असावं की माल बदलला तरी चालेल.

पेशवाईत या आपल्या गल्लीतून पुण्याकडे पत्रं जात, ती जासूदांच्या हातून. ऊन, पाऊस, जंगल तुडवत तो माणूस जाई. पत्र लिहिणाऱ्याचं नाव दप्तरात राहिलं, वाचणाऱ्याचं राहिलं, जासूदाचं क्वचितच कोणी लिहून ठेवलं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हाही मालाची विमानं औषधं घेऊन उडत होती. त्या औषधाच्या डब्यावर वैमानिकाचं नाव नव्हतं. ज्यांनी मला गेल्या वर्षी बोचक्यांबद्दल विचारलं, ते वडीलधारे आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण त्यांनी विचारलं नसतं तर मी हे बोललो नसतो. त्यांना मी एवढंच सांगेन, आपल्या डोळ्यांचे थेंब मुंबईहून येतात ना? तेसुद्धा बोचक्यातूनच येतात.

पुतण्या आज इथे नाही. आज रात्री त्याचं उड्डाण आहे. दुपारी फोन केला तेव्हा मी नेहमीचाच प्रश्न विचारला, जेवलास का हा नव्हे, झोपलास का हा. तो म्हणाला, "सहा तास झोपलो काका. माझ्या नावाने बाप्पाला एक दूर्वा वाहा."

ती मी वाहिली आहे.  रात्री जागणाऱ्या सगळ्यांना गजानन सुखरूप घरी आणो, एवढीच प्रार्थना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!